धरलं म्हणेपर्यंत

घडीखोलीत एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, चादर ताणून एकदा झटकायची, मधोमध दुमडायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. समोरासमोर आल्या की एकीनं आपल्या हातातली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. पण घेणारी ‘धरलं’ म्हणेपर्यंत देणारीनं बोटं सोडायची नाहीत. सोडली तर चादर जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेली चादर कितीही स्वच्छ दिसली तरी परत तळघरात धुलाईला जाते. नवी बाई कामावर आली की मुकादम तिला एवढंच शिकवत असे. बाकीचं हात आपोआप शिकतात, असं त्याचं म्हणणं होतं.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा इतकी वर्षं अशा समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या, की त्यांच्यात ‘धरलं’ हा शब्द आता म्हटला जात नसे, नुसता श्वासाबरोबर बाहेर पडत असे. हॉटेल मोठं होतं. वरच्या मजल्यांवरची चादर खाली तळघरात जाई, तिथून धुऊन इस्त्रीच्या रोलरखाली येई, आणि रोलरवरून ऊन-ऊन घडीखोलीत. घडीखोलीला खिडक्या होत्या. तळघराला नव्हत्या. तिथे ब्लीचचा वास आणि वाफ यांचं एक पांढरं धुकं कायम लोंबकळत असे आणि तिथली माणसं एकमेकांशी डोळे बारीक करून बोलत. थोरलीनं उमेदीची वर्षं त्या धुक्यात काढली होती. छातीतून शीळ यायला लागली तेव्हा डॉक्टरांनी ब्लीचपासून लांब राहायला सांगितलं, आणि मुकादमानं शब्द टाकून तिला वर आणलं. वर आल्यावर ती माणसात आली, असं धाकटी सर्वांना सांगे.

आणि आता तिला परत खाली पाठवायची भाषा सुरू झाली होती.

हॉटेल नव्या मालकांनी घेतलं होतं. नव्या मॅनेजरनं फर्मान काढलं की मजल्यांवरचे फोन यापुढे घडीखोलीत थेट येतील आणि ते इंग्रजीत घेतले जातील. त्यासाठी जेवणाच्या सुटीत शिकवणी, शिकवणीनंतर तोंडी परीक्षा. पास होतील त्या वर राहतील, नापास होतील त्यांना धुलाईत ‘सामावून घेतलं जाईल’. हे सामावून घेणं ऐकलं तेव्हाच धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. चादरींचा ढीग सामावतो, कपाटात. माणसाला काय सामावून घेता, असं ती मुकादमाला म्हणाली. मुकादम नेहमीप्रमाणे रोलरकडे बघत राहिला.

शिकवायला एक तरुण बाई येत. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या तासांवर नेमलेल्या होत्या आणि घाईघाईत येताना त्यांच्या पिशवीतून खडूची पेटी हमखास सांडे. बाई वाईट नव्हत्या. धाकटीला त्यांचा राग करायचा होता आणि तो नीट करता येत नव्हता, याचाही तिला राग येई.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की फोनवर निम्म्या चुका एकाच जागी होतात. वस्तू एक आहे की अनेक, त्याप्रमाणे पुढचं क्रियापद बदलतं. टॉवेल एक असेल तर एस क्रियापदाला लागतो: द टॉवेल फॉल्स. टॉवेल अनेक असतील तर एस टॉवेलला लागतो आणि क्रियापद मोकळं राहतं: द टॉवेल्स फॉल. मग इज आणि आर, हॅज आणि हॅव. सगळ्याजणी घोकू लागल्या. तेव्हा थोरलीच हसून म्हणाली होती, “म्हणजे घरात छत्री एकच. नामानं नेली तर क्रियापद भिजत जाणार, आणि क्रियापदानं नेली तर नाम.” मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी फळ्यावर छत्री काढली. ती छत्री कितीतरी दिवस कोणी पुसली नाही.

आणि एवढी छत्री जिला सुचली, तिलाच एस सापडेना.

सुरुवातीला तिच्या चुकांना कारण तरी होतं. मॅडमनी सासूवर वाक्य करायला सांगितलं, तर थोरली म्हणाली, माय मदर-इन-लॉ सिट. सासू एकच आहे ना, मग सिट्स, असं मॅडम म्हणाल्या. थोरलीनं मान हलवली. सासूबाई ‘बसतात’, ‘बसते’ म्हणायला जीभ रेटत नाही, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं. मॅडमनी समजावलं, की इंग्रजीत वडीलधाऱ्यांसाठीही क्रियापद एकाचंच असतं, त्यात मान-अपमान काही नाही. त्यावर रोलर चालवणारा, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, मागून बोलला, “म्हणजे मॅनेजरसाहेबांनाही एकवचनच? आता या भाषेत माझं मन रमेल.” सगळे हसले. धाकटीही हसली. त्या दिवशी अजून हसू येत होतं.

पण मग मॅडमनी ‘एव्हरीवन’ शिकवलं. सगळेजण काम करतात, पण इंग्रजीत ‘एव्हरीवन वर्क्स’, क्रियापद एकाचं. धाकटीनं वर बघून विचारलं की सगळे असले तरी मोजायचं एकेकटंच का? मॅडम म्हणाल्या की नियम तसा आहे. या नियमाचा मॅडमशी काही संबंध नव्हता, मॅनेजरशीही नव्हता; तरी धाकटीच्या मनात तो काट्यासारखा रुतून बसला.

घरी संध्याकाळी उजळणी होई. दोघींचे नवरे लांबच्या मार्गावर ट्रक चालवत, महिन्यातले मोजके दिवस घरी असत. घर दोन जावा, सासूबाई आणि धाकटीची मुलगी यांचंच होतं. वाळलेले कपडे पलंगावर ओतून दोघी घड्या घालायला बसत आणि धाकटी प्रश्न विचारी. चादरी तयार आहेत. “द शीट्स इज रेडी,” थोरली म्हणे. पाहुण्याला उशी हवी आहे. “द गेस्ट वॉन्ट अ पिलो.” ट्रॉली येते आहे. “द ट्रॉली आर कमिंग.” मुलीचं गृहपाठातून लक्ष उडे आणि तीच खालच्या आवाजात बरोबर उत्तर देऊन टाकी.

“मुलगी इथे बसून नुसतं ऐकून शिकली, जाऊबाई,” धाकटी एका संध्याकाळी म्हणाली. तिच्या हातातल्या अभ्र्याची घडी तिनं इतक्या जोरानं दाबली की तो उसवला. “तुमचं लक्ष कुठे असतं? खाली जायचंय का तुम्हाला? त्या वाफेत दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन खोकत बसायचं, आणि मी तुमची पाठ चोळत बसायचं. तेच हवंय ना?”

थोरलीनं उसवलेला अभ्रा तिच्या हातातून काढून घेतला आणि शिवायच्या ढिगात टाकला. आपलं डोकं जुनं झालं, असं काहीतरी ती पुटपुटली. कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, “धाकटे, माझ्याशी बोलतेस त्या आवाजात तिच्याशी बोलू नकोस. मला ऐकू येत नाही, म्हणून चालतं.”

धाकटी गप्प झाली, पण शांत झाली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर चालत जातानाही ती मनातल्या मनात भांडत होती, आणि भांडता भांडता तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. इज की आर, एस की बिनएस, उत्तरं दोनच. ज्याला काहीच येत नाही त्याचंही अधूनमधून बरोबर येतं. डोळे मिटून म्हटलं तरी कधीतरी येतंच. थोरलीचं गेले कित्येक दिवस एकदाही बरोबर आलं नव्हतं. इतकं न चुकता चुकायचं तर उत्तर आधी ठाऊक असावं लागतं. तिनं चालता चालता थोरलीकडे पाहिलं. थोरली चपलेचा अंगठा सुटला म्हणून वाकून तो बसवत होती. धाकटीनं तो विचार झटकून टाकला. इतका तो तिला वाईट वाटला.

त्याच दिवशी दुपारी ती कोठारातून टॉवेलचे गठ्ठे बांधायचे पट्टे आणायला गेली होती. परत आली तेव्हा घडीखोलीत बाकीच्या जेवायला निघून गेल्या होत्या आणि फोन वाजत होता. फळ्यांच्या मांडणीमागून तिनं पाहिलं, थोरलीनं हात पदराला पुसून फोन उचलला.

“येस, लिनन रूम,” थोरली म्हणाली. मग थोडं ऐकून, घाई न करता, “द शीट्स आर रेडी. द ट्रॉली इज कमिंग. नो, द टॉवेल्स आर नॉट ड्राय. द मशीन इज स्लो टुडे.” पलीकडून काहीतरी गमतीचं बोललं गेलं असावं, ती हसली. “येस. शी कम्स आफ्टर लंच.” फोन ठेवून तिनं कपाळावरचा घाम टिपला आणि डबा उघडायला गेली.

धाकटीला पहिल्या क्षणी आनंद झाला, तो एका श्वासापुरता. पुढच्या श्वासाला तिला कळलं, की जाऊबाई रोज मुद्दाम चुकत होत्या. ती पट्टे तिथेच ठेवून रोलरकडे गेली. भोंगा एकटाच जेवत होता. खाली जाण्यात कुणाचा काय फायदा, असं तिनं त्याला आडून-आडून विचारायचा प्रयत्न केला, पण भोंग्याला आडून बोललेलं कळत नसे आणि हळू बोलता येत नसे. मशीनचं विचारतेस होय, तो म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं. टेप घेऊन दोन माणसं घडीखोली मोजून गेली होती. घडी घालणारी मशीनं येणार होती. मशीनला एका बाजूनं चादर लावली की दुसऱ्या बाजूनं घडी बाहेर पडते. समोर धरायला माणूस लागत नाही. म्हणजे प्रत्येक जोडीतली एकच वर राहणार. परीक्षा पास-नापास एवढीच आहे, निम्म्या बायका नापास होतीलच, असं धरूनच मशीनं मागवली आहेत. जोडीतली एक नापास झाली की दुसरीची जागा आपोआप पक्की.

“मला वाटलं तुला ठाऊक असेल,” भोंगा म्हणाला. “मुकादमानं तुझ्या जावेला कधीच सांगितलंय. ती सगळ्यांत जुनी ना.”

जेवणानंतर कामाला सुरुवात झाली. दोघींनी चादर उचलली, ताणली, झटकली, दुमडली. धाकटी चालत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून थोरली बोलणार होती. पण धाकटीनंच सुरुवात केली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं आणि तो खरोखरच चढला नाही. त्यामुळे शेजारच्या जोड्यांचे हात आधी थांबले.

“द शीट्स आर रेडी,” ती म्हणाली. “फोनवर छान बोलता तुम्ही.”

थोरलीचा हात टोकांसाठी पुढे आलेला होता, तो तिथेच राहिला.

“कधीपासून येतंय?”

“अगं, फोनवर आपलं काहीतरी...”

“कधीपासून, जाऊबाई?”

“छत्रीपासून,” थोरली म्हणाली.

“आणि रोज संध्याकाळी मी तुमच्यावर ओरडते आहे. मुलीसमोर, आईंसमोर तुम्हाला ढ म्हणते आहे. आणि तुम्ही बसून ऐकता आहात.”

“तुझं वय आहे,” थोरली खाली बघत म्हणाली. “पोर शिकायची आहे. माझं काय, मी काढली आहेत की खाली वर्षं. सवय आहे मला त्याची.”

“छातीला आहे का सवय?”

थोरलीचा पुढे आलेला हात किंचित खाली आला.

“मला विचारलंत?” धाकटी म्हणाली. “एकदा तरी? तुमच्या छातीवर उभं राहून मी वर खिडकीत काम करायचं, हे तुम्ही माझ्यासाठी ठरवून टाकलंत. मला न विचारता. आणि वर मला वाटत राहणार, की बिचाऱ्या जाऊबाईंना इंग्रजी जमलं नाही. आयुष्यभर मी तुमची कीव केली असती. तुमची.”

तिची बोटं सुटली. तिनं सोडली की सुटली, हे तिलाही सांगता आलं नसतं. थोरलीनं ‘धरलं’ म्हटलेलं नव्हतं. चादर दोघींच्या मधे हळूच जमिनीवर बसली, आणि खोलीतल्या एकाही बाईनं ती लगेच उचलली नाही. या दोघींच्या हातून चादर पडलेली कुणी पाहिली नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. मुकादमानं विषय बदलायचा प्रयत्न केला, पण भोंगा दारात उभा होता आणि त्यानं पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं मशीनचं सांगितलं. खोलीत जे झालं ते गोड नव्हतं. उंच आणि ठेंगणी म्हणून ओळखली जाणारी एक जोडी होती. त्यातली ठेंगणी शेजारच्या मुलाकडून गुपचूप जादा शिकवणी घेत होती, हे उंच बाईला ठाऊक होतं आणि त्या दोघी कित्येक दिवस फक्त ‘धरलं’ एवढंच बोलत होत्या. आता ते सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. तू मला खाली ढकलायला निघाली होतीस. मग तू काय करत होतीस, माझ्या चुका मोजत होतीस. कुणी मुकादमाला बोललं, कुणी मॅडमना. एक जण रडायला लागली आणि तिचीच जोडीदार तिला नाटकं करू नकोस म्हणाली.

धाकटीनं पडलेली चादर उचलून धुलाईच्या पेटीत टाकली. त्या आवाजानं थोडी शांतता झाली.

तिला भाषण करता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की मशीन येणारच असेल तर येईल, ते आपल्या हातात नाही. पण त्यांना आपल्यातली निम्मी माणसं आपल्याच तोंडानं नापास करून हवी आहेत. “म्हणजे खाली जाणारी बाई स्वतःलाच दोष देत जिना उतरेल. आणि वर राहिलेली म्हणेल, तिला जमलं नाही, मी काय करू. त्यांना कुणाला काही सांगावंच लागणार नाही. मला हे नको आहे. एकीनंही नापास व्हायचं नाही. मग जिला पाठवायचं तिला साहेबांनी समोर उभं राहून सांगावं.”

ठेंगणी म्हणाली की बोलायला सोपं आहे, जिला येत नाही तिनं काय करायचं. उंच बाईनं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, “जिला जादा शिकवणी आहे तिनं शिकवायचं.” कुणीतरी हसलं. ठेंगणी हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी ती उंच बाईसमोर चादर धरून उभी राहिली तेव्हा तिनं टोकं देताना ‘द चाइल्ड प्लेज’ म्हटलं, आणि उंच बाईनं टोकं घेताना ‘द चिल्ड्रन प्ले’. ते हळूहळू सगळ्या खोलीत पसरलं. एकजण एकाचं वाक्य घेऊन चालत येई, दुसरी अनेकांचं वाक्य म्हणून टोकं घेई. पीपल म्हटलं तर एस दिसत नाही पण माणसं अनेक. चादरी-टॉवेलांचा, म्हणजे लिननचा, डोंगर असला तरी लिनन एकच. सगळ्या जोड्या शिकवत होत्या असं मात्र नाही. कोपऱ्यातली एक जोडी शेवटपर्यंत गप्प राहिली, आणि त्या दोघींच्या मनात काय आहे हे कुणी विचारलं नाही.

थोरली-धाकटीत बोलणं जवळजवळ बंद होतं. संध्याकाळची उजळणीही बंद. परीक्षेच्या आदल्या दिवशी जिन्यात धाकटीनं थोरलीला अडवलं आणि सांगितलं, तुम्ही उद्या चुकलात तर मीही चुकेन. मग दोघी खाली जाऊ, थोरली म्हणाली. जाऊ, धाकटी म्हणाली. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, आणि हिनं एकदा डोक्यात राख घालून घेतली की ही खरंच जाईल, हे तिला दिसलं असावं. ती पुढे झाली.

परीक्षा मॅनेजरच्या खोलीशेजारच्या लहान खोलीत होती. तिचं दार नीट लागत नसे. थोरली आत होती, धाकटीचा नंबर तिच्यानंतर होता. ती बाकावर बसून आतलं ऐकत होती. मॅडमनी आत पहिला प्रश्न विचारला. चादरी कुठे आहेत? बराच वेळ आतून आवाज आला नाही. नंतर खोकला आला, तोच, शीळ घालणारा. धाकटीनं बाकाची कड धरली. तिला दार ढकलून आत जावंसं वाटलं, आणि थोरलीला दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं.

“द शीट्स आर ऑन द टेबल,” थोरलीचा आवाज आला.

मग एकामागून एक. द गेस्ट वॉन्ट्स. द गेस्ट्स वॉन्ट. द लिनन इज क्लीन. कुठे अडखळणं नाही. शेवटी मॅडमनी तिला जोडीदाराबद्दल काही सांगायला सांगितलं.

“माय सिस्टर-इन-लॉ शाउट्स,” थोरली म्हणाली. “शी शाउट्स एव्हरी डे.”

मॅडमना हसू आवरलं नाही. बाहेर बाकावर धाकटीनं तोंडावर हात धरला. हसू की दुसरं काही, ते बाकीच्यांना कळू नये म्हणून.

दोन दिवसांनी मॅनेजर घडीखोलीत आला. मॅडम त्याच्या मागे उभ्या होत्या. सगळ्या पास झाल्याबद्दल त्यानं अभिनंदन केलं, पण टाळ्या वाजल्या नाहीत. चादरी चालू होत्या. तो पुढे बोलू लागला, की आधुनिकीकरणात काही बदल अटळ असतात. धाकटीनं हातातली घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, आम्ही पास झालो,” ती म्हणाली. “आता कुणाला खाली पाठवायचं ते तुम्ही सांगा. नुसता कागद भिंतीवर लावू नका. त्या बाईसमोर उभे राहा आणि तिला सांगा, की तू ढ नाहीस, तुझं काही चुकलेलं नाही, तरी तुला मी खाली पाठवतो आहे. एवढंच करा.”

मॅनेजरनं खोलीभर पाहिलं. त्याची नजर एका बाईवर थांबली, मग दुसरीवर. ज्या बाईवर थांबे ती त्याच्याकडे सरळ बघे. हे काही अशा तऱ्हेनं ठरवायचं नसतं, असं तो म्हणाला. मग कसं ठरवायचं असतं, असं भोंग्यानं दारातून विचारलं आणि त्याचा तो हळू आवाज तळघरापर्यंत गेला असावा. तेव्हा इतके दिवस रोलरकडे बघत राहिलेला मुकादम पहिल्यांदा बोलला. पाळ्या लावा, तो म्हणाला. धुलाईला माणसं हवीत ना, प्रत्येकीनं आळीपाळीनं खाली जावं आणि परत वर यावं. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. ठीक आहे, तो म्हणाला, सध्यापुरतं. पण कुणालाही सूट मिळणार नाही. कुणालाही, त्यानं पुन्हा म्हटलं आणि थोरलीकडे पाहिलं, कारण तेवढ्यात ती खोकली होती.

“जाऊबाईंची पाळीही मीच करीन,” धाकटी म्हणाली. “लिहून घ्या.”

मॅनेजरला त्यात हरकत नव्हती. तो गेला. खोलीत बोलणं सुरू झालं, कुणी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. हे काही जिंकणं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. मशीनं येणारच होती आणि ‘सध्यापुरतं’ म्हणजे किती, ते कुणी विचारलं नव्हतं. तरी धाकटी जागेवर परत आली तेव्हा कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आलेले होते. तिनं चादरीची टोकं उचलली.

थोरलीनं आपली टोकं उचलली. ताणली, झटकली. इतक्या जोरात झटकली की धाकटीच्या बोटांना हिसका बसला. दुमडून दोघी चालत समोरासमोर आल्या. धाकटीनं टोकं पुढे केली. थोरलीनं ती बोटांत घेतली, आणि काहीच बोलली नाही.

धाकटी थांबली. नियमाप्रमाणे तिला सोडता येत नव्हतं.

“जाऊबाई.”

थोरलीचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिला इतकं रागावलेलं धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं. ती बाई रागावते हेच तिला ठाऊक नव्हतं.

“सगळ्यांसमोर,” थोरली म्हणाली. “साहेबाला सांगून मोकळी. लिहून घ्या म्हणे. मी इथेच उभी होते ना गं? दोन पावलांवर?”

धाकटीचे कान तापले. तिनं शेजारच्या जोडीकडे पाहिलं. शेजारची जोडी मन लावून चादर ताणत होती.

“तुम्ही केलंत तेव्हा...” ती सुरू झाली, आणि थांबली. आपण काय म्हणणार आहोत ते तिला ऐकू आलं. चादर दोघींच्या हातात उबदार होती आणि हळूहळू गार होत होती. रोलरवरून पुढची येऊन पडली. तिच्यामागची येऊन पडली.

“तुमची पाळी मी करू का?” धाकटीनं शेवटी विचारलं.

थोरलीनं विचार केला. खरोखर केला, घाई केली नाही.

“अर्धी कर,” ती म्हणाली. “अर्धी मी जाईन. नाकाला फडकं बांधून. आणि छाती भरली तर मीच तुला सांगेन, तू मला सांगायचं नाहीस.”

“बरं.”

“आणि घरी मुलीसमोर ओरडायचं नाही.”

“ते बघू,” धाकटी म्हणाली.

“धरलं,” थोरली म्हणाली.

धाकटीनं बोटं सोडली.